इरिम म्हणजे अंधश्रद्धा?

कझाक भाषेत 'इरिम' असा एक शब्द आहे. आपण देवनागरीत 'इरिम' लिहितो खरं, पण त्यातला 'इ' थोडा घशाकडे ओढून, ओठ न गोल करता म्हणायचा असतो. रशियन कोश उघडा की इंग्रजी, या शब्दासमोर बहुतेक ठिकाणी एकच अर्थ दिलेला असतो : अंधश्रद्धा. पण त्याच कझाक भाषेत घरातली एखादी वडीलधारी बाई खूश होऊन म्हणते, 'जाक्सी इरिम'. जाक्सी म्हणजे चांगलं. कोशाप्रमाणे भाषांतर केलं तर होतं 'चांगली अंधश्रद्धा'. मराठीत असं कुणी बोलेल का? अंधश्रद्धा म्हटली की ती वाईटच. 'चांगली अंधश्रद्धा' म्हणणं म्हणजे 'चांगली चोरी' म्हणण्यासारखं झालं.

याचा अर्थ कुठेतरी गडबड आहे, आणि ती त्या म्हातारीच्या बोलण्यात नाही, कोशात आहे. ज्यांनी कोश लिहिले त्यांनी आपला निकाल त्या शब्दावर चिकटवला. हा निकाल कधी आणि कुणी दिला, हा इतिहास आपण मराठी मुसलमानांनी वाचण्यासारखा आहे. कारण असे निकाल आपल्यावरही दिले जातात, आणि आपणही दुसऱ्यांवर देत असतो.

आधी कझाक लोकांविषयी थोडं सांगतो. कझाकस्तानचं क्षेत्रफळ सुमारे २७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ नऊपट. लोकसंख्या मात्र दोन कोटींच्या आसपास. कझाक ही तुर्की घराण्यातली भाषा. लोक पूर्वी भटके पशुपालक होते. घोडे, मेंढ्या आणि उंट घेऊन उन्हाळ्यात एका कुरणात, हिवाळ्यात दुसऱ्या. धर्माने बहुसंख्य कझाक सुन्नी मुसलमान, मसलक हनफी, म्हणजे आपल्या देशावरच्या बहुतेक मुसलमानांसारखाच. (कोकणातले आपले भाईबंद शाफई, ते सोडून.) त्यांच्या भाषेत देवाला 'कुदाय' म्हणतात, तो आपला खुदा. रोजाला 'ओराझा', शुक्रवारला 'जुमा'. उर्दू येणाऱ्याला ही भाषा पूर्ण परकी वाटत नाही.

इरिम म्हणजे नेमकं काय?

कझाक लोक इरिम हा शब्द बहुतेक वेळा एका जोडीत वापरतात : 'इरिम-तियिम'. तियिम म्हणजे मनाई. इरिम म्हणजे चांगलं व्हावं म्हणून करायची गोष्ट, आणि तियिम म्हणजे वाईट होऊ नये म्हणून न करायची गोष्ट. याच इरिमपासून 'इरिमदाउ' असं क्रियापदही होतं. एखादी कृती शुभेच्छा म्हणून करणं, असा त्याचा अर्थ.

यातला सर्वांत प्रसिद्ध इरिम म्हणजे 'तुसाउ केसु'. तुसाउ म्हणजे घोडा लांब पळू नये म्हणून त्याच्या पायांना बांधतात ती दोरी, आणि केसु म्हणजे कापणं. मूल पहिली पावलं टाकू लागलं की त्याचे दोन्ही पाय दोऱ्याने सैल बांधतात आणि चपळ, नावाजलेल्या, सचोटीच्या माणसाच्या हातून तो दोरा कापवतात. मग मुलाचे दोन्ही हात धरून त्याला चालवतात. पोराची दोरी सुटली, आता ते आयुष्यात दौडत जावो, ही त्यामागची भावना. दोराही विचार करून निवडतात. कुणी हिरव्या गवताचा पीळ घेतात, म्हणजे मूल गवतासारखं वाढावं. कुणी 'आला जिप' घेतात, म्हणजे काळ्या आणि पांढऱ्या धाग्यांचा पीळ. कझाक भाषेत 'कुणाचा आला जिप न ओलांडणं' म्हणजे दुसऱ्याच्या हक्काच्या वस्तूला हात न लावणं. थोडक्यात, मूल पहिलं पाऊल टाकतं तेव्हाच त्याला हलाल-हरामचा धडा दिलेला असतो. मुलाला तो अजून कळत नाही, पण भोवती जमलेल्या सगळ्यांना कळतो.

मनाईचे नियम पाहा. उंबरठ्यावर उभं राहू नये. दाराच्या चौकटीला टेकू नये. गुडघ्यांना मिठी मारून बसू नये, कारण तशी बसणी पोरक्या माणसाची. भाकरी उलटी ठेवू नये. राखेवर पाय देऊ नये. हिरवं गवत उपटू नये. भांड्यात पाणी असेल तर रात्री त्याचं तोंड उघडं ठेवू नये.

यातले काही नियम वाचून हसू येईल, काही अगदी शहाणपणाचे वाटतील. ज्यांचं पोट गवतावर चरणाऱ्या जनावरांवर अवलंबून आहे त्यांनी पोरांना 'हिरवं उपटू नका' हे सांगायचं नाही तर काय सांगायचं? तंबूत चूल मधोमध असते, बाहेर टाकलेल्या राखेत निखारा दडलेला असू शकतो. पाण्याच्या भांड्याचं तर विचारूच नका. रात्री भांडी झाकून ठेवा आणि पाण्याच्या पखालींची तोंडं बांधा, ही ताकीद आपल्याकडे सही हदीसमध्ये आहे. कझाक आजी तीच गोष्ट 'तियिम' म्हणून सांगते. तिला हदीसचा नंबर माहीत नसेल, पण भांडं झाकलेलं असतं.

पण सगळेच इरिम असे निरुपद्रवी नाहीत. बाळाच्या टोपीला आणि पाळण्याला घुबडाचं पीस लावतात, त्याने नजर लागत नाही असं मानतात. 'आदिरासपान' नावाची वनस्पती जाळून घरभर धूर फिरवतात. आपल्याकडे तिला हरमल आणि फारसीत इस्पंद म्हणतात. गाडीत तिची जुडी टांगलेलीही दिसते. मुलं जगत नसतील तर पुढच्या मुलाचं नाव मुद्दाम कुरूप ठेवत : 'कुशिकबाय' म्हणजे कुत्र्याच्या पिल्लासारखा, 'इतबाय' म्हणजे कुत्रा. वाईट नजरेला अशा पोराचा मोह होऊ नये, हा हिशेब. महाराष्ट्रात दगडू, धोंडू, केरबा ही नावं ज्या भीतीतून आली तीच ही भीती.

आणि एक नाव असं आहे की तिथे हसू थांबतं : 'उलबोसिन'. अर्थ 'मुलगा होवो'. हे नाव मुलाचं नसून मुलीचं असतं. एकामागून एक मुली झाल्या की शेवटच्या मुलीला हे नाव द्यायचं, म्हणजे पुढच्या वेळी मुलगा होईल. ती मुलगी मोठी होते, शिकते, लग्न करते, आणि आयुष्यभर प्रत्येक हाकेला तिला ऐकावं लागतं की तिच्या जागी दुसरं कुणी हवं होतं. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात 'नकुसा', 'नकुशी' अशी नावं असलेल्या २८५ मुलींना सरकारी कार्यक्रमात नवी नावं देण्यात आली होती, ते वाचकांना आठवत असेल. गवताळ प्रदेश आणि सह्याद्री यांच्यात हजारो किलोमीटरचं अंतर आहे, पण या एका बाबतीत दोन्हीकडच्या बापांची बुद्धी सारखीच चालली.

सांगायचा मुद्दा हा की, पहिलं पाऊल टाकणाऱ्या बाळाची दोरी कापणं हाही इरिम, आणि मुलीला 'मुलगा होवो' म्हणून हाक मारणं हाही इरिम. एकाच शब्दात दुआ आहे आणि जुलूमही. त्यामुळे 'इरिम चांगला की वाईट' या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर नाही.

शब्द आला कुठून?

इरिम हा फक्त कझाकांचा शब्द नाही. किरगीझ, उझबेक, उइगुर, तुर्कमेन, तातार, बाश्किर या सगळ्या भाषांत थोड्याफार फरकाने हाच शब्द आहे. कुठे त्याचा अर्थ शकुन, कुठे तोडगा, कुठे मंत्र-तंत्र. इतक्या दूरवर पसरलेल्या भाषांत एकच शब्द सापडतो तेव्हा तो बराच जुना असतो, हे भाषेच्या अभ्यासकाला वेगळं सांगावं लागत नाही.

जुन्या तुर्की भाषेत उच्चाराने आणि अर्थाने याच्या अगदी जवळचा एक शब्द आहे : 'इर्क'. अर्थ शकुन, भाकीत. या शब्दाच्या नावाचं एक पूर्ण पुस्तकच आहे, 'इर्क बितिग', म्हणजे शकुनांचं पुस्तक. ते नवव्या-दहाव्या शतकातलं मानतात. ऑरेल स्टाइन यांना ते १९०७ मध्ये चीनच्या दुनहुआंग इथल्या हजार बुद्धांच्या गुहांमध्ये मिळालं. हे स्टाइन एके काळी लाहोरच्या ओरिएंटल कॉलेजचे प्राचार्य होते. १९१२ मध्ये डेन्मार्कचे भाषापंडित विल्हेल्म थॉमसन यांनी ते पुस्तक वाचून छापलं. मूळ प्रत आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात ६५ छोटे परिच्छेद आहेत. प्रत्येकाच्या आधी फाशांचे ठिपके काढलेले आहेत, मग एक लहानसं चित्र शब्दांत उभं केलेलं, कधी घोड्याचं, कधी ससाण्याचं, कधी वाटसरूचं. आणि बहुतेक ठिकाणी शेवटी निवाडा : हे चांगलं आहे, किंवा हे वाईट आहे. ज्या काळात हे पुस्तक लिहिलं गेलं त्या काळात तुर्की टोळ्यांतल्या बहुतेकांपर्यंत इस्लाम पोचलेला नव्हता.

अकराव्या शतकात महमूद काश्गरी यांनी बगदादमध्ये बसून 'दीवान लुगात अत-तुर्क' हा तुर्की शब्दांचा अरबी कोश लिहिला. त्यांनीही इर्क शब्दाची नोंद केली आहे. काश्गरी स्वतः मुसलमान, कोश अब्बासी खलिफाच्या सेवेत सादर केलेला. तरी त्यांनी आपल्या लोकांचे शकुन-भाकितांचे शब्द वगळले नाहीत. जे लोक बोलतात ते नोंदवायचं, ही त्यांची पद्धत. कोशकाराने असंच असायला हवं.

मग इस्लाम आला आणि या जुन्या शब्दांच्या शेजारी नवे शब्द येऊन बसले. उर्दूच्या शिक्षकाला इथे फार मजा येते. कझाक भाषेत भविष्य पाहण्याला 'बाल' पाहणं म्हणतात. हा आपला 'फाल'. मूळ कझाक उच्चारात 'फ' नव्हता, म्हणून फालचा बाल झाला. तावीजला ते 'तुमार' म्हणतात. उर्दूत 'तूमार' म्हणजे कागदाची लांब गुंडाळी, आणि तावीज म्हणजे तरी काय, गुंडाळलेला कागदच! मेलेल्यांच्या आत्म्यांना 'आरुआक' म्हणतात, ते अरबी 'अर्वाह', रूहचं अनेकवचन. जिन तिथे 'जिन'च आणि परी 'पेरी'. पण मधल्या छत्रीचा शब्द, ज्याच्याखाली हे सगळं येतं, तो मात्र जुनाच राहिला : इरिम.

निकाल देणारे

एकोणिसाव्या शतकात चोकान वलिखानोव नावाचा एक तरुण होऊन गेला. जन्म १८३५, मृत्यू १८६५. वयाची तिशीही पाहिली नाही. घरचं नाव मुहम्मद हनफिया, आब्लाय खानाचा पणतू, शिक्षण ओम्स्कच्या रशियन लष्करी शाळेत, नोकरी झारच्या सैन्यात. लेखक दस्तयेव्हस्कीचा मित्र. त्याने आपल्या लोकांतल्या शामान परंपरेच्या खुणांवर एक लेख लिहिला. त्याच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनी, १९०४ मध्ये, त्याचं लेखन एकत्र छापलं गेलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : इस्लाम आल्यावर नावं बदलली, कल्पना जुन्याच राहिल्या. निळ्या आकाशाचा देव 'तेंग्री' होता त्याला अल्ला किंवा खुदा म्हणू लागले, पूर्वजांच्या आत्म्यांना आरुआक म्हणू लागले, भुताखेतांना जिन आणि शैतान म्हणू लागले.

यात बरंच तथ्य आहे. पण वलिखानोव रशियन वाचकांसाठी रशियन भाषेत लिहीत होता. त्या भाषेत अशा गोष्टींसाठी शब्द होता 'सुयेवेरिये', म्हणजे पोकळ श्रद्धा. शास्त्रीय नजर देणाऱ्या भाषेने शब्दाबरोबर निकालही हातात दिला.

त्याच पिढीतला इब्राय अल्तिनसारिन (१८४१–१८८९) हा माझ्या पेशातला माणूस, म्हणून तो मला जवळचा. त्याने गवताळ प्रदेशात शाळा काढल्या, १८७९ मध्ये कझाक मुलांसाठी वाचनमाला छापली आणि १८८४ मध्ये कझान शहरातून इस्लामच्या मूलभूत शिकवणुकीचं पुस्तक कझाक भाषेत प्रसिद्ध केलं. दीन शिकायचा तर मातृभाषेत, समजून, ही त्याची धडपड. आजीच्या इरिमशी भांडत बसण्यापेक्षा नातवाला वाचता आलं पाहिजे, हे त्याला कळलं होतं.

अबाय कुनानबायेव (१८४५–१९०४) हा कझाकांचा सर्वांत मोठा कवी. त्याच्या गद्य चिंतनांत ईमानचे दोन प्रकार सांगितले आहेत : 'यकीनी' आणि 'तकलीदी'. यकीनी म्हणजे विचार करून, पुराव्याने पटलेलं. तकलीदी म्हणजे मोठ्यांनी सांगितलं म्हणून धरलेलं. दुसऱ्या प्रकारालाही तो कुफ्र म्हणत नाही. पण असं ईमान टिकवायला मोठी दृढता लागते, असं बजावतो. हे वाचताना मला नेहमी वाटतं की सगळ्या वादाची चावी अबायने दीडशे ओळींच्या आत दिलेली आहे. प्रश्न रीत कोणती, हा नाहीच. ती समजून केली की नुसती पाहून, हा आहे.

आणि मग सोव्हिएत काळ. कझाक भाषेत अंधश्रद्धेसाठी आणखी एक शब्द आहे, 'सोकिर सेनिम'. सोकिर म्हणजे आंधळा, सेनिम म्हणजे विश्वास. शब्दशः आपला 'अंधश्रद्धा'! मराठीशी याचं काही नातं नाही, तरी घडण हुबेहूब तीच. धर्मविरोधी प्रचारात हा शब्द भरपूर वापरला गेला, आणि त्याच्या टप्प्यात सगळेच आले : झाडाला चिंध्या बांधणारी बाई, झाडफूक करणारा 'बाक्सी' म्हणजे शामान, आणि नमाज पढणारा मौलवीसुद्धा. एका बाजूने वार करताना निवड करण्याची गरजच नव्हती. मशिदी बंद झाल्या. कझाक लिपी १९२९ मध्ये अरबीवरून रोमनवर आणि १९४० मध्ये रोमनवरून रशियन लिपीवर नेली. अरबी लिपीला कझाकसाठी सुधारून देणारे अखमेत बायतुर्सिनुली यांना १९३७ मध्ये गोळी घालण्यात आली. आजोबांची वही नातवाला वाचता येईना.

मधल्या काळात, १९३० ते १९३३ मध्ये, सक्तीच्या सामूहिकीकरणामुळे भीषण दुष्काळ पडला आणि सुमारे पंधरा लाख माणसं मेली.

आता विचार करा. पुस्तक गेलं, लिपी गेली, मदरसा गेला, आलिम गेले. मग मुसलमानपण कुठे उरलं? ते उरलं स्वयंपाकघरात. गुरुवारी किंवा जुम्याला आजी तेलात सात पातळ पोळ्या तळायची, 'जेती शेल्पेक'. तेलाचा वास निघाला पाहिजे, तो आरुआकांना पोचतो, ही समजूत. एखादी पाठ असलेली छोटी सूरत पढायची, मयतांची नावं घ्यायची आणि पोळ्या शेजाऱ्यांत वाटायच्या. अमेरिकन अभ्यासक ब्रूस प्रिव्रात्स्की यांनी तुर्किस्तान शहरातल्या कझाकांवर २००१ मध्ये आलेल्या पुस्तकात या तेलाच्या वासाचं महत्त्व सविस्तर दाखवलं आहे. सत्तर वर्षांत अनेक घरांत दीनची एवढीच निशाणी उरली होती. ज्या गोष्टीला मुल्ला बिदअत म्हणत आणि कॉम्रेड अंधश्रद्धा, तिनेच 'आपण मुसलमान आहोत' ही आठवण जिवंत ठेवली.

१९९१ मध्ये देश स्वतंत्र झाला. मशिदी पुन्हा उघडल्या, नव्या बांधल्या गेल्या, मुलं दीन शिकू लागली. आणि अनेक घरांत शिकून आलेला नातू आजीला सांगू लागला की शेल्पेक तळणं बिदअत आहे. त्याचं म्हणणं किताबाच्या दृष्टीने बरोबर असेलही. पण त्याने आधी आजीचे आभार मानायला हवे होते.

फाल आणि तियरा

मुसलमान वाचक इथे विचारेल, की मग दीन काय सांगतो? दीनची सीमा स्पष्ट आहे, आणि ती समजायला पुन्हा शब्दांकडेच जावं लागतं.

अरबीत अपशकुनाला 'तियरा' म्हणतात. हा शब्द 'तैर' म्हणजे पक्षी यावरून आला. इस्लामपूर्व अरब पक्षी उडवून पाहत. उजवीकडे गेला तर प्रवास करायचा, डावीकडे गेला तर घरी बसायचं. संस्कृतात 'शकुन' या शब्दाचा मूळ अर्थही पक्षीच. फारसीतून उर्दूत आलेला 'शगुन' याच घरातला. म्हणजे अरबस्तान असो की भारत, माणसाने आपलं नशीब पाखराच्या पंखाला बांधलं होतं. कझाकांकडे घुबडाचं पीस बाळाचं रक्षण करतं, आपल्याकडे तेच घुबड छपरावर बसलं की घरात कुजबुज सुरू होते. घुबडाला बिचाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नाही.

पैगंबर मुहम्मद (स.) यांनी तियरा नाकारला, आणि 'फाल' आपल्याला आवडतो असं सांगितलं. फाल म्हणजे काय विचारल्यावर उत्तर दिलं की चांगला शब्द. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत ही रिवायत आहे. इथला फाल म्हणजे पुस्तक उघडून भविष्य पाहणं हा नव्हे. तो अर्थ नंतर चिकटला. सूरह यासीनमध्येही रसूलांना अपशकुनी म्हणणाऱ्यांना उत्तर मिळतं की तुमचा अपशकुन तुमच्याच बरोबर आहे. पैगंबरांचे पुत्र इब्राहीम वारले त्या दिवशी सूर्यग्रहण लागलं. लोक म्हणू लागले की या मृत्यूमुळेच ग्रहण लागलं. स्वतःच्या मुलाच्या दुःखात असतानाही त्यांनी ती समजूत तिथल्या तिथे खोडून काढली : सूर्यचंद्राला कुणाच्या जगण्या-मरण्याने ग्रहण लागत नाही.

नावांबाबतही हेच. एका स्त्रीचं नाव 'आसिया' होतं, म्हणजे अवज्ञा करणारी. (हे नाव ऐनने लिहितात, फिरऔनच्या पत्नीचं नाव वेगळं.) ते बदलून पैगंबरांनी 'जमीला' ठेवलं. चांगला शब्द हवा, तो माणसाला उभारी देतो.

हा फरक लावून इरिमकडे पाहा. पायाची दोरी कापून 'दौडत जा' म्हणणं हे फालच्या जवळ आहे. उलबोसिन हे नाव, घुबडाचं पीस, बाक्सीला पैसे देऊन उतारा काढणं, हे दुसऱ्या बाजूला जातं. कझाक बाईने दोन्हींना इरिमच म्हटलं म्हणून आपण दोन्हींना एकच मानायचं कारण नाही.

आपले शब्द

आता आपल्याकडच्या शब्दांची यादी पाहा. मराठी म्हणते अंधश्रद्धा : श्रद्धा आंधळी आहे. उर्दू म्हणते जईफुल-एतेकादी : श्रद्धा दुबळी आहे. रशियन म्हणते सुयेवेरिये : श्रद्धा पोकळ आहे. उर्दूत आणखी एक शब्द आहे, खुराफात. अरब सांगत की खुराफा नावाच्या माणसाला जिन पळवून घेऊन गेले, परत येऊन तो अजब गोष्टी सांगू लागला, आणि कुणी विश्वास ठेवेना. तेव्हापासून न पटणाऱ्या गोष्टीला खुराफा म्हणतात. मराठीत तो शब्द 'खुराफत' होऊन पोरांच्या खोड्यांना लागला. हे सगळे शब्द पाहणाऱ्याचे आहेत. करणारा स्वतःच्या कृतीला यातलं काहीच म्हणत नाही. इरिम हा मात्र करणाऱ्याचा शब्द आहे. म्हणून त्यात निकाल नाही.

इरिमला मराठीत सर्वांत जवळचा शब्द कोणता, हे मी पुष्कळ शोधलं. तो आहे 'शकुन'. परीक्षेला निघालेल्या मुलाच्या हातावर आई दही-साखर ठेवते आणि म्हणते, 'शकुन म्हणून घे'. आपल्या घरांत निघताना हातात नोट ठेवून म्हणतात, 'शगुन का है'. कझाक आई अशा वेळी म्हणते, 'इरिमगा'. भाषांतर पूर्ण झालं. पण आपल्याकडेही या एकाच शब्दाखाली दही-साखरही आहे आणि विधवेला लग्नमांडवातून दूर बसवणंही आहे. शब्दाकडून निवाडा मागू नये, तो आपणच करायचा असतो.

महाराष्ट्राच्या कायद्याने हा निवाडा कसा केला ते बघण्यासारखं आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, आणि त्याच वर्षी नरबळी, अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांच्या विरोधातला कायदा झाला. त्याच्या नावात 'अंधश्रद्धा' हा शब्द नाही. आत ठरावीक कृत्यांची यादी आहे : भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, चमत्काराच्या नावावर फसवणूक, साप-कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देणं. कुणाच्या मनात काय आहे ते कायदा विचारत नाही. कुणाला इजा झाली का, कुणाला लुटलं का, एवढंच विचारतो. ज्या देशात विश्वासालाच गुन्हा ठरवलं गेलं तिथे काय झालं ते आपण वर पाहिलं. म्हणून हा फरक मला मोलाचा वाटतो.

आपण मुसलमान या बाबतीत दोन मापं वापरतो, हे बोलायला हवं. शेजाऱ्याच्या दारावरचं लिंबू-मिरची आपल्याला अंधश्रद्धा दिसते, आणि आपल्या दंडातला काळा धागा अकीदत. उलट शेजाऱ्याला दर्ग्यावरची चादर अंधश्रद्धा दिसते. आणि घरात नवा दीनदार झालेला मुलगा आईच्या प्रत्येक रीतीला शिर्कचा शिक्का मारतो, पण आजारी बहिणीला डॉक्टरऐवजी आमिलकडे नेलं तर गप्प बसतो. शिक्का मारायची घाई असते तिथे इजा मोजायची राहून जाते.

माझं म्हणणं एवढंच की आधी करणाऱ्याचा शब्द ऐकावा. मग विचारावं : या रीतीने मनात भीती बसते की उमेद येते? कुणी यातून पैसे उकळतो का? आणि याची किंमत कोण चुकवतं? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा एखादी बाई किंवा मुलगी असतं. जिथे किंमत चुकवणारं कुणी आहे तिथे रीत कझाक असो, मराठी असो, हिंदूची असो वा मुसलमानाची, ती मोडली पाहिजे. जिथे कुणी नाही, तिथे बाळाच्या पायातली दोरी कापू द्यावी, टाळ्या वाजवाव्यात आणि मोठं झाल्यावर त्याला त्या काळ्या-पांढऱ्या धाग्याचा अर्थ सांगावा, की दुसऱ्याच्या हक्काची रेघ ओलांडायची नाही. एवढं समजून केलं तर अबायच्या भाषेत ते तकलीदकडून यकीनकडे टाकलेलं एक पाऊल होईल.